मॉरिसच्या नळीचं वळण

नबीलाल मिस्त्री गेले तेव्हा नागसेन सरांच्या मॉरिस गाडीची मागची, धुराची नळी तेवढी व्हायची राहिली होती. शिरूरला पुणे-नगर रस्त्याच्या कडेला मिस्त्रींचं सायलेन्सरचं दुकान. चोपन्न सालची ती गाडी दौंडहून ओढून आणलेली. तिला बसेल असा सायलेन्सर बाजारात मिळत नव्हता. मिस्त्रींनी पत्रा वळून डबा केला, पुढची नळी केली. मागच्या ॲक्सलवरून जाणाऱ्या वळणाचा जाड तारेचा साचा करून खिळ्याला अडकवला. चार दिवसांनी ते गेले.

त्यांची थोरली मुलगी सायमा दौंडच्या शाळेत शिकवायची. महिना होत आला तरी ती माहेरीच होती. काम तिच्या धाकट्या भावाच्या, मुजीबच्या अंगावर आलं. त्यानं नळी वाकवली ती मध्येच चेपली, उसाच्या चिपाडासारखी. तेवढ्या लांबीची आता एकच नळी उरली. सरांचा निरोप आला होता : शनिवारी येतो, जमत नसेल तर गाडी पुण्याला नेतो.

तुकडे कापून जोडू, वेल्डिंग घासलं की कुणाला कळतंय, असं मुजीबचं म्हणणं पडलं. सायमाला ते पटेना. बत्तीस वर्षांत अब्बांनी वळणाला जोड दिला नव्हता. जोडाला आतून कड राहते, धूर अडतो, गाडीचा आवाज फाटतो, असं ते सांगायचे. गिऱ्हाइकाला कधी दिसणार नाही अशा जागेसाठी सबंध दिवस घालवायचे. पुढे तिनं पुष्कळ पुस्तकं वाचली. इतक्या चोखपणे वाक्य लिहिणारे थोडेच भेटले.

"नळीत वाळू कसली भरलीस?" तिनं विचारलं.

"घोड नदीचीच. चाळून, उन्हात वाळवून."

"भाजली नाहीस?"

वाकवताना नळी चेपू नये म्हणून आत वाळू भरायची, पण नुसत्या उन्हानं तिची ओल जात नाही. ओलसर वाळूच्या गुठळ्या होतात, नळीत पोकळी राहते आणि तापवल्यावर नेमकी तिथंच ती चेपते. लहानपणी वाळू भाजायचं काम सायमाचं होतं. तिनं चूल पेटवली, आईची मोठी कढई चढवली. वर धरलेल्या काचेवर वाफ धरेनाशी झाली तेव्हाच वाळू उतरवली.

नळीच्या एका तोंडाला लाकडी खुंटी ठोकून ती उभी केली. मुजीब वाळू ओतायचा, खालून वर ठोकत जायचा. वाळू बसायची, पुन्हा ओतायचा. त्याचे हात भरून आले.

"आपा, भरली की आता."

सायमानं पान्यानं नळी वाजवली. खाली ठक्क, मध्ये जराशी घुमली.

"न्हाई. मधी पोकळ हाय," ती म्हणाली. शाळेतली भाषा कुठल्या कुठं गेली होती.

असं तीनदा झालं. मग दुसरी खुंटी बसली, गॅसच्या ज्योतीखाली नळी लाल झाली. सायमानं तारेचा साचा धरला आणि मुजीब अंगाचा भार देत, अब्बांसारखा श्वास रोखून, सावकाश वाकवत गेला. नळी वळली, गोलच राहिली.

शनिवारी सर पांढऱ्या शर्टानिशी गोणपाटावर आडवे होऊन गाडीखाली शिरले. वळणावरून दोनदा हात फिरवला. गाडी सुरू झाली; आवाज खालचा, भरीव, एकसलग.

"मिस्त्री हे करून गेले होते व्हय?" त्यांनी विचारलं.

मुजीबनं बहिणीकडं पाहिलं.

"वळण त्यांचंच हाय, सर," सायमा म्हणाली. "हात मुजीबचा."

सरांनी मान डोलावली, आणि पुन्हा एकदा गाडीखाली शिरले.