बुडीत उधारीची तरतूद

वर्षाराणीनं गल्ल्याचा खालचा कप्पा ओढला, तसा मल्लिनाथनं झटकन हात घालून तो अर्ध्यातच धरला.

"त्यात काय न्हाई."

"अप्पा, आईचा मोबाईल त्यातच हाय की. गिऱ्हाइकांचे नंबर त्याच्यातच हायत."

मल्लिनाथनं हात काढला नाही. लातूरच्या त्याच्या ठोक दुकानातून हळद-कुंकू, कापूर, नारळ पार माहूरपर्यंत जात. माल तो भरायचा, उधारीचे फोन त्याची बायको मंजुश्री करायची. श्रावणात ती गेली. उन्हाळा लागला तरी उधारी होती तिथंच होती.

लेक नांदेडला सीएच्या ऑफिसात कामाला होती. बँकेला ताळेबंद द्यायचा म्हणून सुट्टी काढून आली होती. तिनं लॅपटॉप त्याच्याकडं वळवला.

"सहा महिन्यांच्या वर जी उधारी गेली, त्यातली निम्मी येणार न्हाई असं धरायचं आन् ती ह्या वर्षीच्या नफ्यातून आत्ताच वजा करायची. तरतूद म्हणत्यात त्याला."

"निम्मी? मग नफा?"

"उरत न्हाई. बँक कर्जाची लिमिट कमी करंल. नवरात्राचा माल कशावर भरणार, तुम्हीच सांगा."

"कोण बुडवणार हाय? नाव सांग की."

"नाव आत्ता कसं सांगता येईल? शंभरात इतके, असा अंदाज असतोय."

शंभरात इतके. मंजुश्रीच्या वेळी दवाखान्यात डॉक्टरही असंच म्हणाले होते. शंभरातले साठ बरे होतात. त्या साठांच्या भरवशावर तो खाली जाऊन चहा पिऊन आला होता.

"न्हाई," तो म्हणाला. "आधीच बुडाले म्हणून लिहायचं न्हाई. चांगली माणसं हायत ती."

"नाव कुठं कापतेय मी? खातं तसंच राहतंय. उद्या पैसे आले तर घ्यायचेच. पण एक सांगा, तुम्ही कुणाला मागितले का?"

त्यानं कापराच्या डब्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं.

"एकदा तरी?"

"फोन उचलला की आधी तिचंच इचारतील," मल्लिनाथ म्हणाला.

वर्षाराणीनं कप्प्यावरचा हात काढून घेतला.

शेवटी त्यानंच मोबाईल बाहेर काढला. तो पुसून ठेवलेला होता, बॅटरी भरलेली होती. सगळ्यात मोठी उधारी माहूरच्या नीलाबाईची, देवीच्या वाटेवर ओटीचं सामान विकणारीची. त्यानं तिचं नाव दाबलं. रिंग जात होती आणि तिनं फोन उचलू नये असं त्याला वाटत होतं.

"अगं बया, मंजुताई! किती दिसांनी! म्हटलं मेलात का काय!" नीलाबाई मोठ्यानं हसली. "पैसे राहिलेत, ठाऊक हाय मला. पण तुम्ही दोन शिव्या घातल्याबिगर माझा हात सुटत न्हाई बघा."

फोन ठेवून देता आला असता. समोर लेक बसली होती.

"ताई? आवाज येतोय ना?"

"मी मल्लिनाथ बोलतोय. मंजुश्री गेली. श्रावणात."

पलीकडं कुणीतरी नारळाचा भाव विचारत होतं. दोनदा विचारलं.

मग नीलाबाई म्हणाली, "दादा, जेवलात का तुम्ही?"

"न्हाई अजून."

"आधी जेवा," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

त्यानं मोबाईल मांडीवर ठेवला. वर्षाराणीनं डोळे पुसले.

"पैशाचं काय म्हणाल्या?"

"इचारायचं राहिलं."

"मग तरतुदीचं काय करू?"

"असू दे धरलेली." त्यानं मोबाईलची काच सदऱ्याला पुसली. "पुढचं नाव कुणाचं हाय?"