बत्तीस वजा

सकाळी आठ वाजता न्यांदो नदीचं पाणी एक मीटर बारा सेंटिमीटर होतं. नऊ वाजताही तेवढंच. साडेअकराला पुन्हा पडद्यावर पाहिलं, तरी आकडा तोच. मला खुर्चीत बसवेना.

"वर केरिचोच्या डोंगरात कालपासून पाऊस ओततोय," मी म्हणाले, "आणि ही बया बोटभरही चढत नाही?"

"नदी गप आहे तर तुझ्या पोटात का दुखतंय?" ओयुगी म्हणाला. तो चहात मांदाझीचा तळलेला पाव बुडवून खात होता. "बस गं जरा. तुझ्या येरझाऱ्यांनी माझा चहा सांडतोय."

किसुमू शहरातल्या या दोन खोल्यांच्या कार्यशाळेत ओयुगी आणि मी पुराची सूचना देणारी यंत्रं बनवतो. वरच्या पुलाखाली पाण्यावर तरंगा असतो, पुलाच्या कठड्यावर एक डबा, आणि डब्यात तळहाताएवढा संगणक. पाणी चढलं की तरंगा संगणकाला हाक मारतो. हाक आली की संगणक पाणी मोजतो आणि खुणेच्या वर असेल तर खालच्या गावातला भोंगा वाजवतो. महिन्यापूर्वी आम्ही नवा डबा बसवला होता. खालच्या गावात नदीला सगळ्यात चिकटून असलेलं घर माझ्या आईचं आहे. त्या दिवशी मला का बसवत नव्हतं, ते ओयुगीलाही ठाऊक होतं. म्हणूनच तो थट्टा करत होता.

आता या हाकेविषयी थोडं सांगायला हवं. संगणकाला हाका मारणारे पुष्कळ असतात. तरंगा, घड्याळ, कीबोर्डाची तार, मोडेम. कोण ओरडलं ते कर्नलला, म्हणजे संगणकाचा कारभार हाकणाऱ्या मुख्य प्रोग्रामला, नंबरावरून कळतं. चिपच्या पुस्तकात प्रत्येकाचा नंबर छापलेला असतो, पण त्यातले पहिले बत्तीस प्रोसेसरच्या घरच्या कामांसाठी राखीव असतात. बाहेरच्या मंडळींची मोजणी त्यांच्यानंतर सुरू होते. कर्नलला जी फाइल लिहून द्यायची, तिच्यात मात्र बाहेरच्यांची मोजणी शून्यापासून. म्हणून पुस्तकातला नंबर घ्यायचा, बत्तीस वजा करायचे आणि मग लिहायचा. आमच्या धंद्यात हे प्रत्येक जण एकदा तरी विसरतो. ओयुगी दोनदा विसरला होता, आणि मी त्याला 'बत्तीसराव' म्हणून वर्षभर पिडलं होतं.

बाराला ओयुगीचा फोन वाजला. त्याचा चुलत भाऊ त्या पुलावरून रोज प्रवाशांची मटाटू नेतो. स्पीकर लावायची गरजच नव्हती, तो इतका ओरडत होता.

"तुमचा भोंगा मेलाय का रे? पाणी तिसऱ्या खुणेच्या वर गेलंय! मी गाडी मागे घेतली!"

भोंगा दुसऱ्या खुणेलाच वाजायला हवा होता. पुलावरचं पाणी गावात पोचायला दोन तास लागतात. ओयुगीनं मांदाझी तशीच बशीत टाकली आणि गावच्या चीफला फोन लावायला घेतला. मी मोडेमवरून पुलावरच्या डब्यात शिरले आणि हाकांची यादी उघडली. या यादीत डबा चालू झाल्यापासून प्रत्येक उपकरणानं किती हाका मारल्या ते दिसतं. तरंग्यासमोर शून्य होतं. इतकं पाणी चढूनही सकाळपासून एकही हाक नाही. पडद्यावरचा तो एक मीटर बारा म्हणजे सकाळी वीज जाऊन आली, तेव्हा डब्यानं स्वतःच एकदा घेतलेलं माप होतं. भोंगा हातानं वाजवावा म्हणून मी आज्ञा टाइप करायला लागले आणि अर्ध्यातच लाइन तुटली. पुन्हा जोडली. लागेना. तिसऱ्यांदाही नाही.

"पण इथे टेबलावर तर चालत होता!" मी ओयुगीवर खेकसले. "पन्नास वेळा तपासला आपण!"

टेबलावर तसाच दुसरा डबा होता, कीबोर्डाची तार लावलेला. मी त्याची यादी उघडली. तरंग्यासमोर चार हजारांवर हाका. यादी पुन्हा मागवली, आकडा वाढला. आणखी चार अक्षरं बडवली, आणखी वाढला. तरंगा कोपऱ्यात कोरडा ठणठणीत पडलेला होता.

मग कळलं. तरंग्याला आम्ही कीबोर्डाच्या तारेचा नंबर देऊन बसलो होतो. आम्ही टाइप केलं की ती तार हाक मारायची, कर्नल तरंग्यालाही विचारायचा, आणि आम्हाला वाटायचं तरंगाच बोलला. पुलावर त्या तारेवरून टाइप करणारं कुणी नव्हतं, मी शिरले तीही मोडेमवरून. यादीत एकाच ओळीत दोघांची नावं दिसत होती, पण दोघांनी एक नंबर वाटून घेणं तसं नेहमीचंच, म्हणून मी कधी थबकले नाही. आणि यादीत पहिल्या रकान्यात जो नंबर दिसतो तो कर्नलनं आपल्या मनानं वाटलेला असतो. पुस्तकातल्या नंबराशी त्याचा ताळमेळ नसतो, त्यामुळे तिथूनही चोरी पकडली गेली नाही.

"बत्तीसराव!" मी ओरडले. "पुन्हा विसरलात ना?"

चीफचा फोन कानाला धरूनच ओयुगीनं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. तरंगा, एकशे चार. मी फाइलचा इतिहास काढला. ओयुगीनं लिहिलं होतं बहात्तर. बरोबर, एकशे चार वजा बत्तीस. त्यानंतर आणखी एक बदल होता, बहात्तरचे चाळीस केलेले. बदलणाऱ्याचं नाव आकेयो, म्हणजे मीच. सोबत शेरा: "बत्तीस विसरलास, गाढवा. मी केले वजा."

पुस्तक न उघडता केले होते. मला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली.

"चीफ म्हणतात लोक हलत नाहीत," ओयुगी हळूच म्हणाला. "भोंगा वाजला नाही म्हणतात. तू आईला लाव."

आईनं सातव्या घंटेला उचलला. मागे शेळ्या ओरडत होत्या.

"आई, घर सोड. आत्ताच्या आत्ता चर्चच्या टेकडीवर जा. पाणी येतंय."

"भोंगा कुठे वाजला?"

"तो वाजणार नाही. तू नीघ."

"हे बघ आकेयो, मैदानात सगळ्यांपुढे उभं राहून तूच सांगितलंस ना, फोनवर कुणी काही सांगितलं तर हलू नका, भोंग्याचंच ऐका? मागल्या वर्षी अशाच अफवेनं पळालो आणि चोरांनी चार शेळ्या नेल्या. ओमेना मासे वाळत घातलेत मी, ते कोण राखणार? तुझा भोंगा चुकायचा नाही, म्हणालीस."

"आई, यंत्रात बिघाड..."

"बिघाड म्हणे. कोणी केला? त्या ओयुगीनं?"

ओयुगी समोरच उभा होता. हो म्हणणं फार सोपं होतं. तेवढ्यानं ती उठली नसती, ओयुगीच्या नावानं बोटं मोडत बसली असती.

"मी केला," मी म्हणाले. "त्यानं बरोबर केलेलं मी बिघडवलं. माझं चुकलं, आई. माझ्या चुकीमुळे तू बुडशील. ऊठ."

"तुझं चुकलं?" आई म्हणाली. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकतेय." मग तिचा आवाजच बदलला. "म्हणजे पाणी खरंच येतंय गं."

फोन तिनं बंद केला नाही, कमरेला खोचला असावा. शेळ्यांचे दोर सुटल्याचं, कोंबड्या उधळल्याचं ऐकू येत होतं. मग आई रस्त्यावर गेली आणि तिनं गळा काढला, मयताला काढतात तसा. दारोदार.

"निघा! आकेयोचं चुकलंय! माझ्या पोरीनं भोंगा बिघडवलाय! ती स्वतः म्हणतेय तिचं चुकलं! पोरं उचला, निघा!"

"आकेयो म्हणाली?" कुणीतरी बाईनं विचारलं. "आपली आकेयो? स्वतःच्या तोंडानं?"

"स्वतःच्या तोंडानं! निघा!"

दारं आपटली, मुलं रडली, कुणी कुणाला नावानं हाका मारल्या. माझं नाव गल्लीगल्लीतून निघालं होतं. ओयुगी माझ्याकडे बघत नव्हता. माझे कान तापले होते, आणि फोन मी कानावर इतका दाबला होता की दुखत होतं.

"अजून मोठ्यानं, आई," मी म्हणाले. "अजून मोठ्यानं."