घरची ओळ

निरुपमानं वांग्याचं पान उलटून पाहिलं आणि चटकन हात मागे घेतला. पानाला औषधाचा उग्र दर्प होता.

"विश्रामभाई, हे फवारलंय!"

"कालच फवारलं, बेन," विश्रामभाई हसतमुखानं म्हणाला. "वेपारीला डाग चालत नाही हल्ली."

सुभानपुऱ्यातल्या घराच्या मागच्या खोलीत निरुपमा तांदळातले पतंग पाळायची. त्यांची अंडी कार्डावर चिकटवून त्यात जेमतेम डोळ्यांना दिसणाऱ्या माश्या वाढवायची. कार्ड शेतात टांगलं की माश्या किडीची अंडीच संपवत, विष फवारायला नको. पतंगांच्या पंखांची पूड मात्र वर्षानुवर्षं तिच्या छातीत जाऊन बसली होती. खोली बंद करा, नाहीतर दमा पाठ सोडणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा, पद्माकर, हात धुऊन मागे लागला होता. "डभोईचं शेत बघून येते, मग ठरवू," असं सांगून ती आज निघाली होती.

या शेताचा तिला केवढा अभिमान! विश्रामभाई दरवर्षी आधीपेक्षा कमी कार्डं नेई. माश्या तिथे रुळल्या, आता बाहेरून फारशा लागत नाहीत, असं ती चारचौघांत सांगत आली होती.

"मग माझी कार्डं कुठे लावता?"

त्यानं विहिरीकडे बोट दाखवलं. तिथे एकच ओळ होती, झाडाझाडाला कार्ड.

"ती घरची. छोकरं खातात ने! बाकी सगळी बाजारात जाय. तुमचं कार्ड एकदम सरस, बेन. खोटं नाही बोलणार."

तो खोटं बोललाच नव्हता. तिनंच कधी विचारलं नव्हतं. तिला भयंकर संताप आला आणि तो कुणावर काढावा तेच कळेना. तेवढ्यात खोकल्याची ढास लागली. विश्रामभाईच्या बायकोनं धावत पाणी आणलं. निरुपमा निघाली तेव्हा तिनं घरच्या ओळीतली वांगी पिशवीत भरून पुढे केली. निरुपमानं ती घेतली नाहीत.

घरी पद्माकर ताटं मांडून वाट बघत होता.

"भरली वांगी केलीत. लहरीपुऱ्याच्या बाजारात मी नेहमी डभोईचीच मागून घेतो. एकालाही कीड नाही बघ! तुझ्या माश्यांची करामत." मग त्यानं चाचरत विचारलं, "काय ठरवलंस?"

निरुपमा ताटाकडे बघत राहिली.

"बंद करते."

पद्माकरचा चेहरा उजळला. "मग आज पोटभर जेव," म्हणत त्यानं आणखी एक वांगं तिच्या पानात वाढलं.