अक्काच्या विहिरीचं पाणी

येरमाळ्याच्या फाट्यावर आमी दोघंच एकटी माणसं. एक मी, गफार, ट्रकांचा मिस्त्री. दुसरी शिवकांता अक्का. निजामाचं राज गेलं तसे माझे भाऊ बायकापोरं घेऊन हैदराबादला निघून गेले. मी गेलो न्हाय, हट्टी माणूस. पुढं माझी बायको जमिलाबी वारली, अन् घरात कुणाशी बोलावं तेच कळंना. अक्काचाही नवरा गेलेला, पोटी पोर न्हाय. पण तिच्याकडं सडकेला लागून विहीर व्हती. घाट चढून तापलेल्या ट्रका तिच्या दारात थांबायच्या. ती सकाळीच दगडी डोणी काठोकाठ भरून ठेवायची. ड्रायव्हर रेडिएटरात पाणी घालायचे, आपण प्यायचे, अन् अक्का एकेकाला इचारायची, कुठनं आलास, पोरं किती, जेवलास का. दिवसाकाठी तेवढंच काय ते तिचं बोलणं. दुपारी एक घागर माझ्या दुकानात आणायची, उंबऱ्यावर टेकायची अन् ड्रायव्हरांच्या समद्या गोष्टी मला सांगायची. मी वरवर वैतागायचो, "अक्का, मला काम हाय!" म्हणायचो. पण दुपार झाली की माझी नजर सडकेवरच असायची.

बासष्टच्या उन्हाळ्यात बसप्पाची डिझेल गाडी फाट्याच्या पुढं चढावर उकळली. बसप्पा सोलापूरकडचा, आवाज असा की पार भूमला ऐकू जावा. त्यानं रेडिएटरचं टोपण काढलं तर आत पाणी न्हाय, दुधाच्या चहासारखा चिकट गाळ. सकाळीच त्यानं अक्काच्या डोणीतलं पाणी घातलं व्हतं. झालं! दुसऱ्या ट्रकला दोर बांधून त्यानं गाडी माझ्या दुकानात ओढून आणली अन् समोरच्या हाटेलात बोंब ठोकली, "त्या बाईचं पाणी नासलंय, इंजन खातंय! कुणी थांबू नका रे!" गाडी माझ्यापाशी टाकून तो एसटीनं गावाकडं गेला, आठ दिवसांनी येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अक्काच्या दारात एकबी ट्रक थांबली न्हाय.

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का घागर घेऊन आली, पण टेकली न्हाय. "मिस्त्री, माझं पाणी तपासा," म्हणाली.

मी दवाखान्यातल्या दोन मोकळ्या बाटल्या घासून धुतल्या. एकीत तिच्या घागरीतलं पाणी, दुसरीत बसप्पाच्या रेडिएटरातलं. दोन्ही उन्हात ठेवल्या. तासभर अक्का हललीसुदिक न्हाय. मग दुसऱ्या बाटलीत वर काळपट थर आला. मी तो बोटावर घेऊन चोळला, वास घेतला. तिची बाटली मात्र आरपार दिसत व्हती.

"हे इंजनाचं ऑईल हाय, अक्का. विहिरीत कुठनं येणार? गाडीतच आत कुठंतरी ऑईल अन् पाणी एक व्हतंय."

"मग हे त्या ड्रायव्हरांला सांगा की. माझं कोन ऐकतंय?"

"उद्या इंजन खोलतो. नक्की कारण हाती आलं की समद्यांसमोर सांगतो. जबान दिली!"

तिचा चेहरा असा खुलला की मलाच बरं वाटलं.

सकाळी मी इंजनाचं हेड, म्हंजी वरचं झाकण, खोललं. हेडच्या खाली तांब्याचं पॅकिंग असतं, ते ऑईलची वाट अन् पाण्याची वाट येगळी ठेवतं. नेमकं त्या दोन्हींच्या मधी ते जळून फाटलं व्हतं. मी ते उजेडात धरलं. कोपऱ्यावर माझ्याच हातोडीचा घाव व्हता. दोन महिन्यांमागं हेच इंजन मी खोलून परत बांधलं व्हतं. बसप्पाच्या पोरीची सुपारी फुटायची व्हती, त्याला घाई. नवं पॅकिंग बार्शीवरनं आलं न्हवतं. गफारच्या दुकानात गाडी अडून राहती म्हंजी काय, हा माझा ताठा! जुनंच पॅकिंग लाल तापवून पाण्यात बुडवलं, ठोकून सरळ केलं, परत घातलं, अन् वर त्याला सांगितलं, "नवं टाकलंय, जा बिनघोर."

मी मूग गिळून बसलो. दुसरं काय सांगू? भाऊ गेले, बायको गेली, राहिलं व्हतं ते एवढंच, की गफारच्या हाताखालनं गेलेली गाडी वाटंत बसत न्हाय. या नावापायीच माझ्या दारात माणूस यायचा. ते गेलं तर मी कुणाचं तोंड बघू?

अक्का रोज इचारायची. "अजून कळंना," मी सांगायचो, मान वर न करता. ती सकाळी डोणी भरायची. ट्रका धुरळा उडवत पुढं जायच्या. दिवस मावळताना तीच भरलेली डोणी ती लिंबाच्या बुडाला रिकामी करायची. माझ्या दुकानातनं समदं दिसायचं. मी तोंड फिरवून बसायचो, पण पाणी ओतल्याचा आवाज यायचाच.

आठव्या दिवशी ती आली. "मिस्त्री," म्हणाली, "डोणी भरायची बंद करू का?"

तिनं रडून इचारलं असतं तर मी टाळलं असतं. ती साधंच इचारत व्हती, जेवायला वाढू का इचारावं तसं. तेवढ्यात एसटीतनं बसप्पा उतरला अन् सरळ हाटेलात शिरला. मी ते फाटकं पॅकिंग उचललं अन् त्याच्या मागं गेलो. आत पाच-सहा ड्रायव्हर बसले व्हते. अक्का दारात उभी.

"बसप्पा, पाणी चांगलं हाय. खोट माझी हाय. मी तुला नवं म्हणून जुनं पॅकिंग घातलं. हे बघ माझ्या हातोडीचा घाव."

बसप्पा ओरडंल असं वाटलं व्हतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "च्यायला मिस्त्री, तुमी?" अन् बार्शीच्या मिस्त्रीला बोलवायला गेला.

बाहेर अक्कानं मला थांबवलं. "पाच दिवस तुमाला म्हाईत व्हतं?"

"चार," मी म्हणालो. जशी काय एका दिवसानं लाज कमी व्हणार व्हती!

ती वळली अन् घराकडं चालू लागली.

दुसऱ्या दिवशी तिच्या दारात तीन ट्रका व्हत्या. हासणं मला इथवर ऐकू आलं, अन् खरं सांगतो, मला आनंद झाला. माझ्या दारात कुणी आलं न्हाय. पाणी आणायला तिच्याकडं जायची माझी हिंमत झाली न्हाय, दोन दिवस मी वढ्याचं गढूळ पाणी प्यालो. तिसऱ्या दुपारी ती आली अन् घागर उंबऱ्यावर ठेवली.

"पाण्यानं तुमचं काय वाकडं केलंय? प्या."

अजून रोज दुपारी घागर येती. मी उंबरा झाडून, धुतलेलं पोतं घडी करून अंथरून ठेवतो, तिला टेकायला. ती घागर ठेवती, कालची रिकामी उचलती, अन् न टेकताच जाती.