चालू दिवा

पंत म्हणजे सुनेचं पाळीव कासव. ते खाईना, हलेना, म्हणून तिने प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं.

काचेच्या पेटीत हात घालून त्या म्हणाल्या, "ऊब ठीक आहे, पण अतिनील दिवा जुना झालाय. त्यातली किरणं केव्हाच संपलीत."

"अहो, गेल्याच आठवड्यात नवा आणलाय!" सून म्हणाली.

बाईंनी दिव्याखाली किरणं मोजायचा मीटर धरला. काटा ढिम्म हलला नाही.

पेपरामागे सासरे खाकरले. "नवा मी काढून कपाटात जपून ठेवलाय. जुना चांगला लख्ख पेटतोय. चालू दिवा फेकायचा म्हणजे काय?"

"बाबा, उजेड आपल्याला दिसतो, पण पंतांना किरणं लागतात. नाहीतर कवच मऊ पडतं."

सासऱ्यांनी पेपर टाकला आणि कपाट उघडलं. दुपारभर त्यांची बडबड ऐकून घेणारे घरात पंतच तर होते! त्यांनी स्वतःच्या हाताने नवा दिवा बसवला.

पंत हळूहळू खायला लागले. एका संध्याकाळी सून कामावरून आली, तर सासरे पेटीशी खुर्ची ओढून बसले होते.

"काय पंत," ते विचारत होते, "बाईंकडे चुगली तुम्हीच केलीत ना?"

पंतांनी मान आत घेतली.