तळव्याएवढी सपाट जागा

चैत्रगौर झोपाळ्यात बसली त्या दिवसापासून हेमाताईंनी सकाळचं मौन धरलं होतं. उठल्यापासून गौरीला फुलं वाहीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लेक तनुजा बाळंतपणाला बिबवेवाडीत माहेरी आली होती. आधी दोन वेळा तिची कूस मध्येच रिती झालेली. या खेपेला दिवस भरत आले होते. गौरीपाशी मागणं तेवढं एकच, आणि ते मागताना मध्ये आपली बडबड नको, असं हेमाताईंना वाटलं.

श्रीनिवासरावांची मात्र चंगळ झाली. "लग्नानंतर पहिल्यांदाच माझं वाक्य पूर्ण होतंय," असं ते शेजारीपाजारी सांगत सुटले होते. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे बदलतात, यांनी ड्रोन घेतला. वजनाला जेमतेम पावशेर, घडी घातली की खिशात मावणारा.

तनुजाला टेकडी चढवत नव्हती, म्हणून वरून उगवतं ऊन टिपून तिला दाखवायचं, असा बेत होता. उजाडता उजाडता दोघं वर पोचली. खाली शहर अजून दुधात भिजत घातलेल्या पोह्यांसारखं मऊ, पांढरं. मार्केट यार्डाकडच्या ट्रकांचे भोंगेसुद्धा झोपेतून आल्यासारखे ऐकू येत होते. श्रीनिवासरावांनी एका उतरत्या खडकावरून ड्रोन सोडला आणि तो माशीसारखा गुणगुणत धुक्यात विरघळला.

"ये, बघ," त्यांनी हातातल्या रिमोटचा पडदा पुढे केला. पिवळं पडलेलं गवत, दगड, आणि त्यात एक हिरवा ठिपका. ठिपक्याला परडी होती. ती आपणच, हे कळायला हेमाताईंना वेळ लागला. देवाला आपण रोज एवढ्याच दिसत असू, तरी तो ओळखतो, असं मनात आलं आणि त्या हसल्या. मग गौरीसाठी बहाव्याचे खाली लोंबणारे घोस खुडायला निघाल्या.

परडी भरली तोच डोक्यावर टिटवी ओरडली. टिटीव, टिटिटीव! टिटवीचं ओरडणं वाईट, असं हेमाताईंनी लहानपणापासून ऐकलेलं. त्यात घरी लेक अवघडलेली. त्या भरभर पुढे निघाल्या, तर टिटवी आणखीच चवताळून खाली झेपावली. पाय जागीच थबकले आणि नजर जमिनीवर गेली.

पावलापाशी मुरमाचा एक सपाट तुकडा होता. त्यात चार खडे. खडे नव्हेत, अंडी होती; मातीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची, निमुळती टोकं आत करून ठेवलेली. टिटवी अपशकुन सांगत नव्हती. तीही एक बाळंतीणच होती.

"बॅटरी संपत आली गं!" लांब खडकावरून श्रीनिवासराव ओरडले. "या खडकावर नको, मागच्या वेळेसारखा घसरून पडेल. गवतात पंखे अडकतील. तुझ्याजवळ मस्त सपाट जागा दिसतेय, तिथेच उतरवतो!"

हेमाताईंनी जोरजोरात हात हलवले.

"हो, हो, तिथेच!"

त्यांनी बोटांनी अंड्याचा आकार करून दाखवला.

"लाडू? घरी गेल्यावर खा!"

गुणगुण जवळ आली. "अहो, थांबा" एवढे दोनच शब्द. ते जिभेवर येऊन बसले. पण तनुजाचा चेहरा आठवला, आणि इतके दिवस रोज सकाळी जपलेलं ते मौन. शब्द काढावा तर लेकीचं मागणं मोडतं, न काढावा तर या टिटवीची कूस. धुक्यातून ड्रोन खाली येऊ लागला.

परडी कोपरात अडकवून त्या अंड्यांवर वाकल्या आणि त्यांनी उजवा हात वर पसरला.

"अगं, बाजूला हो! पंखे लागतील! ... हेमा!" लग्नात घेतलं त्यानंतर त्यांनी नाव आत्ताच घेतलं असावं. ती हलत नाही म्हटल्यावर त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बरं. हातावर घेतेस? पण ओंजळ नको करूस, तीर्थ नाहीये ते. कलंडेल. थालीपीठ थापतेस ना, तसा तळवा सपाट कर. बोटं खाली. तोंड फिरव."

नेहमीच्या सवयीने मुडपलेली बोटं हेमाताईंनी सावकाश उलगडली आणि डोळे मिटले. वारा सुटला. कोपरातली परडी हलकी हलकी होत गेली. मग तळव्यावर काहीतरी टेकलं, थरथरलं आणि शांत झालं. एखाद्या पाखराएवढंच वजन होतं त्याला.

डोळे उघडले तेव्हा श्रीनिवासराव धापा टाकत समोर उभे होते. "डोकं ठिकाणावर आहे का? मौन धरलंय की अक्कल गहाण..." हेमाताईंनी बोटाने खाली दाखवलं.

चष्मा पुसून ते वाकले. पंख्यांच्या वाऱ्याने परडीतल्या पिवळ्या पाकळ्या मुरमावर उधळल्या होत्या. अंड्यांभोवती, अंड्यांवरसुद्धा. श्रीनिवासरावांनी तिच्या तळव्यावरचा ड्रोन अलगद उचलून घेतला.

टिटवी थोड्या अंतरावर उतरली. दोन पावलं धावली, थबकली, पुन्हा धावली.

"अहो, मागे या," हेमाताई हळूच म्हणाल्या. "तिला बसू द्या."

दोघं मागे सरकली. टिटवीने एक पाकळी चोचीने बाजूला केली, पिसं फुगवली आणि ती बाकीच्या पाकळ्यांसकट अंड्यांवर बसली.

"तू बोललीस," श्रीनिवासराव एकदम दचकले. "अगं, अजून गौरीला फुलं वाहायची आहेत ना?"

हेमाताईंनी रिकामी परडी पाहिली, मग टिटवीकडे पाहिलं.

"वाहिली की," त्या म्हणाल्या.