अंबिलीच्या दोन बाटल्या

जहाजावर बाहेरचे कोणतेही पेय नेता येणार नाही, हे हमजाने आम्हांला तीन वेळा सांगितले होते. एकदा सोलापुरात आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सभेत, दुसऱ्यांदा बसमध्ये चढताना आणि तिसऱ्यांदा मुंबईच्या बंदरावर उतरल्यावर. हमजा हा आमची सहल नेणारा तरुण. बोलण्यात गोड, पण नियमाला पक्का. "काका, साधी पाण्याची बाटलीबी चालत नाही. आत सगळं मिळतं. माझी इज्जत ठेवा," असे तो म्हणाला, तेव्हा सर्वांबरोबर मीही मान हलवली. मान हलवताना माझ्या दोन बाटल्या कोठे आहेत, हे मला ठाऊक होते.

मी छत्तीस वर्षे संस्कृत शिकवले. ज्या स्वयंपाकघरात मांस शिजते तेथील अन्न घ्यायचे नाही, हा वडिलांनी घालून दिलेला नियम मी आजवर पाळत आलो. दूध आणि फळे यांवर तीन दिवस काढणे मला अशक्य नव्हते. परंतु वयाबरोबर जिभेचे लाड वाढतात. सकाळी ज्वारीची अंबील पोटात गेल्यावाचून माझा दिवस सुरू होत नाही. सूनबाईंनी पीठ ताकात आंबवून, शिजवून, लसूण-जिरे लावून दोन मोठ्या बाटल्या भरून दिल्या. "मामंजी, झाकण जरा सैल असू द्या. मे महिना आहे, फसफसेल," असे त्यांनी बजावले होते. सांडून पूजेची वस्त्रे खराब होतील, या भयाने मी झाकणे होती तेवढी शक्ती लावून आवळली.

आणि मग त्या बाटल्या मी सिद्रामप्पाच्या पिशवीत ठेवायला दिल्या. माझ्या पिशवीत ग्रंथ आणि पूजेचे साहित्य आहे, जागा नाही, असे कारण सांगितले. पिशवी भरलेली होती हे खरे. पण कारण ते नव्हते. तपासणीत सापडल्याच, तर त्या माझ्यापाशी सापडू नयेत, एवढाच विचार माझ्या मनात होता. तो मी स्वतःशीही उच्चारला नव्हता.

सिद्रामप्पाचे आयुष्य चादरीच्या यंत्रमागावर गेले. वीस वर्षे तो रोज संध्याकाळी शिंदीच्या गुत्त्यावर बसत असे. निवृत्तीनंतर मी कामगारवस्त्यांत व्यसनमुक्तीवर बोलू लागलो. अकरा वर्षांपूर्वी अशाच एका सभेत तो उठून पुढे आला, हातात बेलाचे पान घेऊन त्याने सर्वांसमक्ष शपथ घेतली आणि ती अक्षरशः पाळली. तेव्हापासून तो मला गुरू मानतो. वाटेत माझी पिशवी उचलतो, माझ्या आधी बसत नाही. बाटल्या हातात देताच "द्या की गुरुजी" एवढेच म्हणाला. आत काय आहे, हेही त्याने विचारले नाही, मीच सांगितले.

रात्रभर ती पिशवी बसच्या मागच्या कप्प्यात, इंजिनाच्या उष्णतेत होती. दुपारी बंदराच्या तपासणीकक्षात ती यंत्रातून गेली आणि तेथील मुलीने सिद्रामप्पाला बाजूला बोलावले. आमचे तीस जण मागे रांगेत उभे होते.

"काका, हे काय आहे?"

"अंबील हाय, ताई."

तिने झाकणाला हात घातला. फट्ट असा आवाज झाला आणि पांढरा फेस तिच्या बाहीवर, सिद्रामप्पाच्या सदऱ्यावर आणि टेबलावर उसळला. आंबूस, उग्र वास त्या थंड हवेच्या दालनात पसरला. तो वास कशासारखा होता, हे सोलापूरच्या मनुष्याला सांगावे लागत नाही. शिंदीही अशीच पांढरी असते, अशीच फेसाळते.

"अंबील कसली," मोहोळचे तात्याबा मागून म्हणाले. "ही तर गुत्त्यावरची शिंदी. सिद्रामप्पा, आमाला तरी इच्चारायचं, आमीबी आनली असती की."

रांग हसली. ती मुलगी मात्र हसली नाही. "दारू असो नाहीतर ताक, बाहेरचं काहीच चालत नाही," असे म्हणून तिने दोन्ही बाटल्या कचऱ्याच्या पिंपात टाकल्या आणि सिद्रामप्पाला पुढे सोडले. तिच्या दृष्टीने प्रकरण तेथेच संपले होते.

बसव्वासाठी ते तेथे सुरू झाले. सिद्रामप्पाची ही पत्नी कोरड्या डोळ्यांनी पुढे आली, नवऱ्याच्या ओल्या सदऱ्याचे टोक तिने नाकाशी धरले आणि अगदी हळू विचारले, "मी अंबील केलीच न्हवती. मग कुनी दिली?"

सिद्रामप्पाने एकदा माझ्याकडे पाहिले. ती दृष्टी क्षणभराचीच होती, आणि तीत मागणी नव्हती. मग तो म्हणाला, "माझीच हाय. गप बस."

मी बोललो नाही. मद्यपानाच्या दुष्परिणामांवर शहरभर बोलणारा मी, त्या वासाच्या बाटल्या माझ्या आहेत असे त्या रांगेत म्हणू शकलो नाही. लोक काय समजतील, हमजा काय म्हणेल, तात्याबा काय विनोद करील, हे सारे मला दिसत होते. सिद्रामप्पाची अकरा वर्षे मला दिसत नव्हती.

जहाज पाच वाजता निघायचे होते. डेकवर वारा होता, मंडळी छायाचित्रे काढत होती. मी कठड्यापाशी उभा होतो, आणि दहा पावलांवर बसव्वा फोनवर बोलत होती. टेंभुर्णीला दिलेली तिची लेक शिवलीला दुसऱ्या टोकाला होती. तात्याबांनी मंडळाच्या फोनवरील गटात त्या फेसाचे छायाचित्र आणि विनोद टाकला होता. कोणीतरी ते तिच्यापर्यंत पोहोचवले होते. सहलीनंतर सिद्रामप्पा महिनाभर लेकीकडे राहणार होता. नातू झाला होता.

फोनचा आवाज मोठा होता, मला तिचे रडवेले शब्द ऐकू आले. "आई, दहा वर्षांची हुते तवा मी त्यांना गुत्त्यावनं हाताला धरून आनत हुते. माझ्या पोराला ते बघायचं नाय. त्यांना हितं आनू नको."

बसव्वा "बरं" म्हणाली आणि डोळे पुसू लागली.

तेव्हा दहा पावले चालून तो फोन मी मागायला हवा होता. मी मनाशी ठरवले, सायंसंध्या आटोपतो, मन स्थिर करतो आणि मग सांगतो. खोलीत जाऊन मी आसन घातले. आचमनासाठी हातात पाणी घेतले आणि किती वेळ तसाच बसलो, ते कळले नाही. मंत्र ओठांवर येत होता, पण मन त्या ओल्या सदऱ्यापाशी होते. संध्या आटोपून मी वर आलो, तेव्हा किनारा दिसेनासा झाला होता. हमजाने सांगितले, "सर, आता परवा सकाळी गोवा येईपर्यंत नेटवर्क नाही. मजा करा."

दुसऱ्या दिवशी न्याहारीला आमची मंडळी दोन लांब टेबलांवर बसली होती. सिद्रामप्पा टोकाला, बसव्वा त्याच्यापासून चार खुर्च्या दूर. त्याच्यासमोर दुधाचा पेला आला, तसे तात्याबा म्हणाले, "बघ बाबा, दूधच हाय न्हवं? पांढऱ्यावर तुझा भरवसा न्हाय."

या वेळी हसणारे थोडे होते. मी उठून उभा राहिलो. बोलण्याचा माझा पन्नास वर्षांचा सराव, पण पहिले वाक्य जुळेना.

"कालच्या बाटल्या माझ्या होत्या," मी म्हणालो. "माझ्या सुनेने भरलेली अंबील होती. नियम मला ठाऊक होता, म्हणून मी त्या सिद्रामप्पाच्या पिशवीत ठेवल्या. त्याने माझे नाव घेतले नाही. आणि मी... मीही घेतले नाही."

हमजा म्हणाला, "सर, तुम्ही?" आणि पाणी आणायला निघून गेला. तात्याबा मान खाली घालून पोळीचे तुकडे करू लागले.

सिद्रामप्पा मात्र अस्वस्थ झाला होता. "कशाला बोललासा गुरुजी? मला सवय हाय लोकांची. तुमाला न्हाय."

बसव्वा उठून माझ्यासमोर आली. एरवी माझ्या पाया पडणारी ही बाई प्रथमच माझ्याकडे सरळ पाहत होती.

"काल लेक रडत हुती, तवा तुमी तितंच हुता की. मी बघितलं तुमाला."

"होय."

"मग?"

माझ्या उत्तरासाठी ती थांबली नाही. ती म्हणाली, "मला सांगून काय उपेग? नवऱ्याला मी आज ना उद्या माफ केलं असतं. लेक न्हाय करायची. तिला सांगा." मग ती नवऱ्याशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि त्याचा पेला त्याच्या हाताशी सरकवला.

तो संपूर्ण दिवस आणि ती रात्र चहूकडे पाणीच होते. मी फलाहारही घेतला नाही. ते प्रायश्चित्त नव्हते, भूकच नव्हती एवढेच. टेंभुर्णीत एक मुलगी आपल्या बापाविषयी काय समजून झोपली असेल, याचा विचार मनातून जात नव्हता.

गोव्याची टेकडी धुक्यातून दिसू लागली, तेव्हा आम्ही तिघेही डेकवर होतो. बसव्वाने फोन उंच धरला होता. मग तिने तो कानाला लावला, "हितं गुरुजी बोलतील" म्हणाली आणि माझ्या हाती दिला.

मी सगळे सांगितले. अंबील, घट्ट झाकण, पिशवी, रांगेतले माझे मौन, डेकवरची दहा पावले. काहीही वगळले नाही. मग शिवलीला मवाळ, भरल्या आवाजात म्हणाली, "गुरुजी, तुमी देवमानूस. बाबांची चूक तुमी तुमच्या अंगावर घेताय. पन मला बनवू नका. मी त्यांना लहानपनापासनं वळखते."

अकरा वर्षांत मी जे नाव मिळवले होते, तेच आता माझे खरे बोलणे खोटे ठरवत होते. पुन्हा सांगितले, शपथ घेतली. ती "व्हय, व्हय" म्हणत राहिली, जसे एखाद्या वृद्धाचे मन राखावे. सिद्रामप्पा कठड्याकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

"बाळ," मी म्हणालो, "कागद-पेन घे. माझ्या घरचा क्रमांक लिही. माझ्या सुनेला विचार, आम्ही निघालो त्या संध्याकाळी किती बाटल्या भरल्या, कशाच्या भरल्या आणि झाकणाविषयी मला काय सांगितले होते. आणि हेही विचार की, जहाजावर बाहेरचे पेय चालत नाही, हे मी तिला सांगितले होते की नाही."

"गुरुजी, तुमच्या घरी कशाला..."

"लिही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. बसव्वा माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी एकेक अंक सांगू लागलो. शेवटच्या तीन अंकांपाशी माझा आवाज फुटला, शिवलीलेला ते ऐकू आले नाहीत. तिने पुन्हा विचारले, आणि मी ते पुन्हा, सावकाश सांगितले.